मिरजेचा तंबोरा आणि आपले कान

मिरज हे गाव आपल्याकडच्या शेतकऱ्याला बहुधा दोन कारणांनी माहीत असते. एक म्हणजे दवाखाने. घरात कोणाचे दुखणे बळावले की सांगली, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, विजापूर अशा चहूबाजूंची माणसे मिरजेची वाट धरतात. दुसरे कारण स्टेशन. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही दिशांचे रूळ इथे एकत्र येतात. त्यामुळे मिरजेला गाडी बदलली नाही असा माणूस या भागात विरळाच. या दोन्ही कामांत दोन-चार तास मोकळे सापडतात. ते फलाटावर जांभया देत घालवू नयेत. गावात शिरावे आणि तिसरी मिरज पाहून यावी. ही तिसरी मिरज वाद्यांची.

वाद्यांचे गाव पाहायला शेतकऱ्याने का जावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या प्रत्येक गावच्या पारावर मिळेल. "आताच्या गाण्यांत काही राम राहिला नाही" हे वाक्य पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी रोज असते. वरातीत असते, जत्रेत असते, घरात नातवाच्या मोबाइलवर काही वाजू लागले की असते. इकडे भजनी मंडळात सर्वांत लहान टाळकरी पंचावन्नचा आणि तिकडे पोराच्या कानात दिवसभर वायर. एकाच घरात म्हाताऱ्यांचे गाणे वेगळे, तरुणांचे वेगळे आणि दोघांनाही एकमेकांचे ऐकवत नाही. ही गोष्ट वाटते तेवढी साधी नव्हे. मंडळातला वीणेकरी गेला की वीणा खुंटीला टांगली जाते, ती उतरवणारा मागे कोणी उरत नाही. म्हणून म्हणतो, वयाबरोबर नवे ऐकायचे कसे, हे शिकायला मिरजेसारखी शाळा नाही.

स्टेशनावरून रिक्षावाल्याला "सतारमेकर गल्ली" म्हटले की तो नेमके आणून सोडतो. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरातली ही वस्ती. दुकाने अरुंद, पण आत नजर टाकली की आपल्या ओळखीचा माल दिसतो. छताला टांगलेले, माळ्यावर रचलेले, कोपऱ्यात उतरंडीसारखे ठेवलेले भोपळे! दोन्ही हातांनी कवेत घ्यावेत एवढे मोठे, वाळून टणक झालेले. कोणी भोपळा पाण्यात भिजत घातला आहे, कोणी तोंड कापून आत काठ्यांचा आधार देऊन तो वाळवतो आहे. कोणी लाकडी तबली भोपळ्यावर बसवतो आहे, कोणी दांडीला लाखेचे पॉलिश चढवतो आहे. लाकूड तुणीचे. ते हलके असते आणि त्याला नाद चांगला असतो.

या गल्लीचा इतिहास ऐकण्याजोगा आहे. इथल्या घराण्यांचा मूळ धंदा शिकलगाराचा, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावण्याचा आणि हत्यारे घडवण्याचा. इंग्रजी अंमल आला, लढाया संपल्या, तलवारीला गिऱ्हाईक राहिले नाही. त्या काळी सतारी-तंबोरे उत्तरेकडून येत आणि बिघडले की दुरुस्त करणारे जवळ कोणी नसे. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी गवई पुष्कळ होते. त्यांची वाद्ये दुरुस्त करता करता फरीदसाहेब नावाच्या कारागिराने नवी वाद्ये घडवायला घेतली, असे इथे सांगतात. ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. आज जगभर जाणाऱ्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्याला आपण पिढीजात कला म्हणून हात जोडतो, ती कोणा कारागिराने नाइलाजाने, पोटासाठी नव्याने शिकलेली विद्या होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता भोपळ्याकडे येऊ, कारण ते आपले क्षेत्र. हा भोपळा मिरजेला पिकत नाही. तो पंढरपूर-मंगळवेढे भागातून येतो. आपल्या भाजीच्या दुध्या भोपळ्याचाच हा भाऊबंद, पण कडू आणि जाड सालीचा. हा खाण्याचा नव्हे. कडू भोपळ्यात विषारी द्रव्य असते, हे घरच्या बायकांनीही ध्यानात ठेवावे. चव कडू लागली तर दुध्यासुद्धा टाकून द्यावा. वाद्याच्या भोपळ्याची लागवड पावसाळ्याच्या सुरुवातीला होते. वेलाची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. एका वेलावर फळे मोजकीच ठेवली तर ती मोठी होतात. फळ ओल्या जमिनीला टेकून सडू नये म्हणून खाली काड घालायचे आणि ते उभे, डौलदार बसेल असे सावरत राहायचे, कारण इथे वजनापेक्षा आकाराला किंमत. एक बाजू चपटी झाली की तंबोऱ्याला तो भोपळा निकामी. फळ पिकून, वेल वाळून जाईपर्यंत ते शेतातच राहू द्यायचे, म्हणजे साल हाडासारखी कडक होते. चांगल्या घाटाच्या फळाचे बी पुढच्या वर्षासाठी राखायचे. मधेच पूर आला किंवा अवकाळी पाऊस झाला की कष्ट पाण्यात. पंडित मैफलीत डोळे मिटून ज्या नादात बुडून जातात, त्याच्या मुळाशी असा एक शेतकरी असतो.

मंगळवेढे म्हटले की ज्वारी आठवणारच. आपण जिला "जुनी, अस्सल" म्हणतो ती मालदांडी 35-1 हीसुद्धा स्थानिक मालदांडीतून 1930 च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडून काढलेली. म्हणजे आपल्या आजोबांच्या दृष्टीने ते नवे वाण होते. त्यानंतर फुले वसुधा आली, फुले रेवती आली. तरी भाकरीसाठी आणि कडब्यासाठी मालदांडी टिकून आहे. नवे आले म्हणून चांगले जुने मरत नाही आणि जुने चांगले म्हणून नवे वाईट ठरत नाही. गाण्याचेही तसेच आहे, हे पटायला गल्लीतून चार पावले चालून दर्ग्यात जावे.

मीरासाहेबांच्या दर्ग्यात हिंदू-मुसलमान दोघेही नवस बोलायला येतात. याच आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. त्यांचा जन्म 1872 साली उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. त्या गावावरून त्यांच्या घराण्याला किराणा घराणे म्हणतात. बडोद्याच्या दरबारात ते गायले, पुण्यात त्यांनी गायनशाळा चालवली आणि पुढे मिरजेला घर केले. दर वर्षी उरुसात ते इथे हजेरी लावून गात. त्यांच्या मागेही ती प्रथा टिकली आहे. उरुसाच्या वेळी देशभरचे गवई दर्ग्यात येऊन सेवा म्हणून गातात. रात्रभर गाणे चालते आणि ऐकायला तिकीट लागत नाही.

खाँसाहेबांचे मोठेपण आवाजात होते हे जाणकार सांगतील. मला त्यांची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. उत्तरेतल्या खानदानी घरात जन्मलेला हा गवई मराठी मुलखात आला आणि त्याने मराठी नाटकातली पदे आत्मसात करून गायली. म्हैसूर दरबाराच्या निमित्ताने दक्षिणेत गेला, तर तिथले कर्नाटकी गाणे कान देऊन ऐकले आणि त्यांची सरगम गाण्याची तऱ्हा आपल्या गाण्यात आणली. 1930 च्या दशकात, साठी ओलांडल्यावर, त्यांनी तबकड्यांवर जी गाणी भरली त्यांत त्यागराजांची तेलुगू रचनाही आहे. भाषा परकी, पद्धत परकी, वय साठीचे आणि नाव देशभर झालेले. "आम्हाला आता काय शिकायचे?" असे म्हणायचा अधिकार त्यांच्याएवढा कोणाला होता? 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका लहान स्टेशनावर त्यांचे निधन झाले. म्हणजे शेवटच्या प्रवासातही ते त्या दक्षिणेतच होते, जिथे त्यांच्या कानाने नवे काही वेचले होते.

त्यांच्या तबकड्यांचीही गंमत पाहा. त्या काळी पुष्कळ बुजुर्ग गवई यंत्रात गायला नाखूष असत. तीन मिनिटांत राग कसा मांडायचा, हा त्यांचा सवाल. पण गदगला एका दुकानात लागलेली खाँसाहेबांची तबकडी एका लहान मुलाच्या कानी पडली आणि त्या वेडाने तो घर सोडून गुरू शोधत हिंडला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे त्यांनीच गायलेले अभंग आपल्या खेड्यापाड्यांत पहाटे वाजू लागले. नवे यंत्र नाकारले असते तर ही साखळी जुळली नसती.

आता आपल्या भजनातल्या पेटीकडे वळू. पेटीशिवाय भजन ही कल्पनाच आपल्याला करवत नाही. पण ही पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेली. तिचे सूर ठोकून बसवलेले, त्यामुळे गळ्यासारखी मींड तिच्यातून निघत नाही, हा तिच्यावरचा आक्षेप. त्यापायी ऑल इंडिया रेडिओने 1940 सालापासून पेटीला बंदी घातली. ती बंदी सैल व्हायला 1971 साल उजाडले. तीस वर्षे रेडिओने जिला दारात उभे केले नाही ती पेटी त्याच काळात आपल्या देवळांत खुशाल वाजत होती. आज तीच पेटी "परंपरा" झाली आणि तिच्या जागी कोणी पोराने सिंथेसायझर आणला तर आपण नाक मुरडतो!

सिनेमाच्या गाण्यांचेही तेच झाले. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस मराठी, विद्वान आणि शास्त्रीय संगीताचा अभिमानी. सिनेगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, या समजुतीने त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि घरोघर तिची वाट पाहिली जाऊ लागली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. आज आपण ज्या जुन्या सिनेगीतांना "ते खरे सोने" म्हणतो, ती अशी एकेकाळी हद्दपार झालेली आहेत. दटावून गाणे थांबत नाही. फक्त ऐकणारा आपल्यापासून दूर जाऊन ऐकतो.

सतारमेकर गल्लीतही नव्याचा धक्का बसलेला आहेच. गेल्या शतकाच्या अखेरीस डब्याएवढा विजेवरचा तंबोरा आला. आता तर तंबोऱ्याचा नाद मोबाइलमध्ये फुकट मिळतो. मग भोपळ्याचा तंबोरा घेणार कोण? गल्लीतल्या एका वृद्ध कारागिराला मी हे विचारले. चाचांचे हात जवारी लावण्यात गुंतले होते. तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकते ती जागा कानसेने घासत, तारेखाली सुताचा धागा सरकवत, तारेतून झणकार उमटेपर्यंत जुळवायचे, याला जवारी म्हणतात. ते मान वर न करता म्हणाले, "साहेब, डब्बा आला म्हणून आम्ही रडत बसलो नाही. प्रवासात नेता येईल असा लहान तंबोरा करायला लागलो. विजेच्या स्पीकरला जोडता येईल अशी सतार पोरे मागतात, तीपण करतो. पण जवारी मात्र जुनीच. ती सोडली तर मग मिरज कशाला राहिली?" एवढे बोलून त्यांनी तार छेडली. काय बदलायचे आणि काय नाही, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता.

तर मग वय वाढले की नवे गाणे आपल्याला का रुचत नाही? याची कारणे साधी आहेत. मिसरूड फुटल्यापासून संसाराला लागेपर्यंत जी गाणी कानी पडतात ती मनात सर्वांत खोल रुजतात. त्या वयातले पहिले प्रेम, पहिली कमाई, मित्र हे सगळे त्या गाण्यांना चिकटलेले असते. नव्या गाण्याला असे काही चिकटलेले नसते, म्हणून ते कोरडे वाटते. दोष गाण्याचा नसतो.

दुसरे कारण कानाचे. वयाबरोबर बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ ही अक्षरे निसटतात. मग "शब्दच कळत नाहीत" अशी तक्रार आपण गाण्यावर ढकलतो. त्यात शेतकऱ्याचे कान जास्त झिजलेले. 85 डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन्तास ऐकला तर कान कायमचे जातात आणि बिनकेबिनचा ट्रॅक्टर, मळणीयंत्र यांचा आवाज बहुधा त्याहून वरचा असतो. ही यंत्रे चालवताना कानात बोळे घालावेत आणि पन्नाशीनंतर एकदा कान तपासून घ्यावेत. मिरजेला दवाखान्यात आलाच असाल तर हेही काम उरकावे. बालगंधर्वांना लहानपणी कानाच्या दुखण्यावर उपचारासाठी याच गावी आणले होते आणि 1905 साली इथेच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले, हे जाणकारांना ठाऊक आहेच. वरातीतल्या डीजेबद्दल मात्र म्हाताऱ्यांची तक्रार रास्त आहे. ती गाण्याबद्दल नसून आवाजाबद्दल आहे, हे तरुणांना समजावून सांगावे. रात्री 10 नंतर सकाळी 6 पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने मनाई आहे, तीही सर्वांसाठी आहे.

तिसरे कारण सवयीचे. कोणतेही गाणे पहिल्या ऐकण्यात परकेच वाटते. चार-पाच वेळा कानावरून गेले की त्याची वाट ओळखीची होते आणि मग आवडनिवड ठरते. आपण पहिल्याच ओळीला "बंद कर ते" म्हणतो आणि निकाल देऊन मोकळे होतो.

यावर उपाय आपल्याच धंद्यातला. नवे वाण आले की शहाणा शेतकरी सगळे रान त्याखाली घालत नाही आणि बांधावरूनच त्याला नावेही ठेवत नाही. एक-दोन गुंठ्यांत लावतो, हंगामभर पाहतो, शेजारच्या जुन्या वाणाशी ताडतो आणि मग ठरवतो. गाण्यालाही आठवड्यातून एक गुंठा द्यावा. रविवारी जेवणानंतर नातवाला किंवा सुनेला म्हणावे, "तुझ्या आवडीचे एक गाणे लाव, मला त्याचे सांग." ते गाणे आठवडाभर तीन-चार वेळा ऐकावे. नाही रुचले तर सोडून द्यावे. मग आपल्या आवडीचे एक त्यांना ऐकवावे. ही देवाणघेवाण झाली पाहिजे, उपदेश नको.

ऐकताना ओळखीचे काय सापडते ते शोधावे. अजय-अतुल यांच्या 2010 सालच्या "नटरंग"मध्ये आपली ढोलकी आहे. त्यांनीच 2016 सालच्या "सैराट"साठी अमेरिकेत जाऊन तिथला वाद्यवृंद वापरला आणि गाणे मात्र गावच्या मातीतले ठेवले. पोरे ज्याला रॅप म्हणतात ते तालावर ठासून बोलणेच असते. पोवाडा आणि भारूड ऐकलेल्या कानाला ते अगदीच अनोळखी वाटू नये. प्रल्हाद शिंदे, त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे आणि नातू आदर्श शिंदे अशा तीन पिढ्या आपण ऐकल्या. आजोबांचा गळा नातवात आहे, साज मात्र त्याचा त्याचा आहे.

भजनी मंडळांनीही हा विचार करावा. अभंग तोच ठेवून चाल बसवायचे काम एखाद्या महिन्यात तरुणांकडे द्यावे. टाळ-मृदंग कायम ठेवून त्यांना हवे ते एक वाद्य आणू द्यावे. ज्याने स्वतः चाल बसवली तो एकादशीला हजर राहतो, हा माणसाचा स्वभाव आहे. चाचांनी जवारी सोडली नाही, तसा आपणही अभंग सोडायचा नाही. बाकीचे ठरवायला पोरांना वाव द्यावा.

मिरजेला जायचे झाल्यास नवरात्र बरे. त्या दिवसांत अंबाबाईच्या देवळातही संगीत महोत्सव असतो. उरुसाची तारीख चांद्रमासाप्रमाणे दर वर्षी मागे सरकते, ती आधी विचारून घ्यावी. सतारमेकर गल्लीत दिवसा जावे. कारागीर आनंदाने काम दाखवतात, फक्त त्यांचा खोळंबा करू नये. जमल्यास घरातल्या तरुणाला बरोबर न्यावे. भोपळ्याचे आपण त्याला सांगावे आणि परतीच्या गाडीत त्याच्या मोबाइलवरचे गाणे त्याच्याकडून समजून घ्यावे.